खटपट्यांची शाळा

'सोशल इनोव्हेशन' या जोडशब्दाला मराठीत अजून स्वतःचे घर मिळालेले नाही. शिक्षण खात्याने 'नवोपक्रम' रुळवला, पण तो शिक्षकांच्या स्पर्धेपुरता राहिला. 'नवाचार' हिंदीतून आला आणि हिंदीच राहिला. 'नवसर्जन' कवितेच्या पंगतीत जाऊन बसले. सामाजिक कार्यकर्त्यांना हे कौशल्य शिकवणाऱ्या एका अभ्यासक्रमाची हस्तपुस्तिका मराठीत करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा पहिला आठवडा या एका शब्दावर गेला. शेवटी 'नवोपक्रम'च ठेवला. त्याहून बरा सापडला नाही म्हणून. त्या निमित्ताने अशा बऱ्याच पुस्तिका वाचल्या, दोन-तीन शिबिरांत मागच्या रांगेत बसलो, आणि लक्षात आले की आपल्यासमोर एक नवा वाङ्मयप्रकार उभा आहे. त्याची समीक्षा अजून कोणी केलेली नाही. माझ्यापुढचा प्रश्न दुहेरी आहे. समाज बदलण्याची युक्ती शिकवता येते का? आणि येत असेल, तर ती कोणाला शिकवली जाते? लेख वाचताना वाचकाने दुसऱ्या प्रश्नावर नजर ठेवावी. पहिल्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे.

या पुस्तिकांचे कथानक ठरलेले असते. एक नायक, बहुधा तरुण. त्याला एक समस्या दिसते. तो ज्यांची समस्या आहे त्यांच्याशी बोलून 'समानुभूतीचा नकाशा' काढतो, मग रंगीत चिठ्ठ्यांवर कल्पनांचा पाऊस पाडतो, त्यांतली एक निवडून तिचा कागदी नमुना करतो, तो चार जणांना दाखवतो आणि अखेरीस परीक्षकांसमोर पाच मिनिटांत सादर करतो. पडदा. हे पाच अंक अमेरिकेतील वस्तुरचनेच्या, म्हणजे डिझाइनच्या व्यवसायातून आले. 'आयडिओ' या रचनाकारांच्या कंपनीने २००९ मध्ये स्वयंसेवी संस्थांसाठी अशी पुस्तिका काढली, आणि पुढच्या अनेक पुस्तिकांनी तिचाच सांगाडा घेतला. सुबक सांगाडा आहे. खुर्ची, मोबाइल किंवा औषधाच्या बाटलीचे झाकण करायचे असेल तर त्याहून चांगली शिस्त मला ठाऊक नाही. पण खुर्चीला भावकी नसते.

'सामाजिक उद्योजक' हा नायकही असाच बाहेरून आला, पण येताना त्याचा एक पाय आपल्याकडेच होता हे फारसे सांगितले जात नाही. बिल ड्रेटन यांनी १९८० मध्ये 'अशोका' ही संस्था स्थापन केली आणि तिच्या पहिल्या फेलो ठरल्या मुंबईच्या शिक्षिका ग्लोरिया डिसूझा. घोकंपट्टीऐवजी परिसरातून शिकवण्याची पद्धत त्यांनी स्वतःच्या वर्गात घडवली होती. वर्ग आधी, नाव नंतर. आज हा क्रम उलटला आहे: नाव आधी मिळते, ओळखपत्र आणि पिशवी त्यासोबत, आणि वर्ग शोधायला पाठवतात.

क्रम का उलटला याचे एक कारण पैशाच्या वाटेत आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ ने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायला लावली. १ एप्रिल २०१४ पासून ही तरतूद लागू झाली. पैसा वर्षाच्या हिशेबाने येऊ लागला आणि वर्षाच्या हिशेबाने दाखवता येईल असे काम मागू लागला. तीन दिवसांचे प्रशिक्षण असे काम आहे. त्यात शिबिरार्थींची संख्या असते, छायाचित्रे असतात, आधी-नंतरची प्रश्नावली असते. बदल दाखवता आला नाही तरी बदल शिकवल्याचे दाखवता येते.

नवलाख उंबरे या गावी यातले एक शिबिर मी पाहिले. नावातच नऊ लाख उंबरठ्यांचा दिमाख मिरवणारे हे गाव तळेगाव दाभाड्यापासून हाकेच्या अंतरावर, आंदर मावळाच्या तोंडाशी. एका बाजूला इंद्रायणी भाताची खाचरे, दुसऱ्या बाजूला औद्योगिक वसाहतीची कुंपणे. येथेच २००८ मध्ये जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला, २०२० च्या अखेरीस तिथले उत्पादन थांबले, कामगारांचा तंटा झाला आणि पुढे तो कारखाना ह्युंदाईकडे गेला. बारा-पंधरा वर्षांत शेतकऱ्याचा कामगार, कामगाराचा बेकार आणि बेकाराचा पुन्हा कंत्राटी कामगार असा प्रवास ज्या पंचक्रोशीने पाहिला, तिला 'परिवर्तन' हा शब्द समजावून सांगायला बाहेरून माणसे यावीत, यात थोडी गंमत आहे. असो.

शिबिरात एक घोषवाक्य फळ्यावर लिहिले होते: 'फेल फास्ट'. मराठी पुस्तिकेत ते काय करावे यावर माझे आणि संयोजकांचे बरेच बोलणे झाले होते. 'लवकर अपयशी व्हा' हा तर शाप वाटतो. 'चुका लवकर करा' म्हणजे परवानगी. फळ्यावर शेवटी इंग्रजीच राहिले, देवनागरीत. प्रशिक्षक मुलगी मन लावून शिकवत होती. तिने समजावले की कल्पना छोट्या प्रमाणात करून पाहा, चुकली तर सोडा, दुसरी घ्या. आंदर मावळातून आलेला एक कार्यकर्ता, वय चाळिशीचे, उठून म्हणाला, ''ताई, तुमचं फेल झालं तर तुम्ही पुण्याला जाणार. माझं फेल झालं तर मला उद्या त्याच पारावर बसायचंय. पुढल्या टायमाला कोण ऐकंल माझं?'' वर्गात हशा झाला. प्रशिक्षकेनेही हसून 'छान मुद्दा' म्हणत चिठ्ठीवर तो लिहून भिंतीला लावला. दुपारच्या सत्रात भिंतीवर आणखी चिठ्ठ्या आल्या आणि ती खाली गेली.

माझ्या मते त्या चिठ्ठीत सगळा अभ्यासक्रम होता. वस्तू बनवणाऱ्याचे अपयश वस्तूत राहते. गावात काम करणाऱ्याचे अपयश माणसात राहते, विश्वासाच्या रूपाने वजा होते. म्हणून कार्यकर्त्याची खरी कला लवकर चुकण्याची नसून चुकल्यानंतर त्याच माणसांत टिकून राहण्याची आहे. ही कला शिकवता येते, पण तिला वेळ आणि जागा लागते. तशी शिकवल्याची उदाहरणे आपल्याकडे आहेत, आणि पहिले तर नवलाख उंबऱ्याच्या शेजारीच.

तळेगावचा पैसा फंड काचकारखाना. शाळेत तो आपण टिळकचरित्रातील एका ओळीपुरता वाचतो. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना अशी की प्रत्येकाने एकच पैसा द्यावा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभारावा. आज ज्याला लोकवर्गणीचे नवे तंत्र म्हणून पडद्यावर दाखवतात ते या माणसाने पायी फिरून केले. टिळकांनी आपले वजन मागे घातले. आणि ईश्वरदास वार्ष्णेय, जे जपानात आणि मग अमेरिकेतील एमआयटीत शिकून आले होते, त्यांच्या हाती काच वितळवण्याचे शास्त्र होते. १९०८ साली तळेगावात भट्टी पेटली. त्याच साली टिळक मंडालेला गेले, हे लक्षात घेतले की त्या भट्टीची जिद्द कळते. त्याआधी देशात निघालेले बरेच काचकारखाने बुडाले होते. भांडवल होते, यंत्रे होती. पण बाहेरून आणलेला कसबी माणूस निघून गेला की कसबही त्याच्याबरोबर जाई. तळेगावकरांनी हे ओळखून कारखान्यालाच शाळा केले. फुंकनळीच्या टोकाशी तप्त काचेचा गोळा घेऊन तो किती फिरवावा, कधी फुंकावे, कधी थांबावे हे पुस्तकातून येत नाही. ते भट्टीपाशी उभे राहून, पोळून, फुटलेल्या काचेचा पुन्हा चुरा करून भट्टीत टाकत टाकतच येते. पुढे देशात ठिकठिकाणी जे काचकारखाने निघाले त्यांत तळेगावला शिकलेले हात होते. वार्ष्णेय स्वतः उत्तरेत गेले आणि त्यांनी बहजोईला कारखाना काढला. तळेगावने काच किती विकली यापेक्षा कारागीर किती दिले हाच त्याचा खरा हिशेब.

मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, काम तीन माणसांत वाटलेले होते: मागणारा काळे, बोलणारा टिळक, जाणणारा वार्ष्णेय. आजची पुस्तिका हे तिन्ही गुण एकाच नायकात मागते आणि मग तो थकला की त्याच्यासाठी 'स्व-काळजी'चे वेगळे सत्र ठेवते. दुसरी, फुटलेली काच वाया जात नव्हती. तीच पुन्हा वितळत होती, त्याच भट्टीत, त्याच माणसांसमोर.

अशा माणसांसाठी मराठीत शब्द नव्हता असे नाही. 'खटपट्या' हा तो शब्द. खटपट म्हणजे प्रयत्न आणि खटपट म्हणजे कारस्थानही. दोन्ही अर्थ एकत्र नांदवण्यात भाषेचा शहाणपणा दिसतो, कारण समाजात काही घडवायचे तर सरळपणाबरोबर थोडी हिकमतही लागते. मी पुस्तिकेत 'चेंजमेकर'साठी 'खटपट्या' सुचवला होता. संयोजकांना तो हलका वाटला. दुसरा शब्द 'प्रयोग'. प्रयोगशाळेतला तो प्रयोग आणि रंगमंदिरातलाही प्रयोगच. नाटकाचा प्रयोग एकदा होऊन संपत नाही. तो शंभरावा होतो, पाचशेवा होतो, दर रात्री वेगळ्या प्रेक्षकांसमोर तेच वाक्य नव्याने जमवावे लागते. 'पायलट प्रोजेक्ट'मध्ये हा अर्थ नाही. पायलट एकदा उडतो आणि अहवाल देतो.

जामखेडचे उदाहरण मी अधिक विस्ताराने घेतो, कारण तिथे शिकवण्याची पद्धतच खरी नवी गोष्ट होती. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये त्या दुष्काळी तालुक्यात काम सुरू केले. आधीचा बेत असा की प्रशिक्षित परिचारिकांनी गावागावांत आरोग्यसेवा द्यावी. तो चालला नाही. बाहेरून आलेली, गावात एकटी राहणारी परिचारिका गावाची झाली नाही. मग गावाने निवडलेल्या बायकांनाच शिकवायचे ठरले. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या, अनेक दलित, काही टाकलेल्या. त्यांना एकदाच महिनाभर कोंडून शिकवले नाही. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, राहत, थोडे शिकत, गावी परतत, करून पाहत, आणि पुढच्या आठवड्याला काय जमले, काय फसले ते घेऊन पुन्हा येत. वर्षानुवर्षे. म्हणजे धडा गावात होई आणि जामखेडला त्याची उजळणी. 'ताप आलेल्या बाळाला सासू पाणी पाजू देत नाही, मग मी काय केलं' हे एकीने सांगायचे आणि वीस जणींनी आपापल्या गावाशी ताडून पाहायचे. या फेऱ्यांत आरोग्याइतकेच 'मी कोण' हेही शिकवले जाई, कारण जिला घरात कोणी बोलू देत नाही ती गावाला काय सांगणार?

तिथलीच दुसरी गोष्ट. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दुष्काळात हातपंप बसवायचे होते. पंप कुठे बसवायचा हा भूगर्भाचा प्रश्न; पण आरोळ्यांनी तो दलित वस्तीत बसेल अशी तजवीज केली. पाणी हवे तर सवर्णांनाही तिथे जावे लागले. यात रंगीत चिठ्ठ्यांना वाव नाही. गाव, त्याचे जातीचे नकाशे आणि तहान तिन्ही नीट ठाऊक असणाऱ्याची ही हिकमत आहे. खटपट, दोन्ही अर्थांनी.

पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यातील पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातील मोठी जागा सोडून ते कोरडवाहू गावात आले. त्यांचे म्हणणे साधे होते: हाताने करताना बुद्धी घडते, आणि गावाला जे हवे ते करताना ती गावाची होते. शाळेच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस लोहारकाम-सुतारकाम, शेती-पशुपालन, वीज-ऊर्जा, घर-आरोग्य यांत घालवायचा आणि केलेले काम गावाला मोल घेऊन द्यायचे. मोल घेणे हा मला यातला सर्वांत धारदार भाग वाटतो. फुकट दिलेल्या वस्तूला कोणी नावे ठेवत नाही, त्यामुळे देणाऱ्याला ती वाईट आहे हे कधी कळतच नाही. पैसे देणारा शेतकरी फाटकाची बिजागरी वाकडी असेल तर परत आणून आपटतो. पाबळचा परीक्षक तो होता. जुन्या जीपच्या भागांतून केलेला छोटा ट्रॅक्टर, भूजल शोधायचे उपकरण, घुमटाकार घरे असे बरेच काही तिथे घडले. २००२ मध्ये एमआयटीच्या सहकार्याने 'फॅब लॅब'ही आली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी एक. पण आश्रमात येणारी बरीच मुले शाळेत नापास झालेली होती, हे त्या यंत्रांच्या यादीहून मोठे आहे.

जुन्याचे गोडवे गाऊन थांबणे सोपे आहे, म्हणून दुसरी बाजूही पाहू. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाने १९०५ मध्ये कार्यकर्त्याला पाच वर्षांच्या शिक्षणाची अट घातली. इतके गंभीर प्रशिक्षण आज कोणी देत नाही. पण तिथे येऊ शकणारा कोण होता? ज्याचे घर दुसरे कोणी चालवत होते तो. आणि बहुतांशी एकाच सामाजिक थरातला पुरुष. त्यागाला पात्रता ठरवले की गरीब आपोआप अपात्र होतो, कारण त्याच्यापाशी त्यागायला काही नसते. मानधनावर आयुष्य काढलेल्या कार्यकर्त्यांच्या घरांतील बायकांनी शिकवण्या घेऊन, शिवणकाम करून जी चूल पेटती ठेवली तिचा उल्लेख गौरवग्रंथांत एका वाक्यात येतो. नवे अभ्यासक्रम या बाबतीत उजवे आहेत. ते पैशाबद्दल संकोच न करता बोलतात, अर्ज करणाऱ्याची जात-कुळी विचारत नाहीत, एकट्या मुलीला शिष्यवृत्ती देतात. आणि प्रशिक्षणाचीच हेटाळणी करणाऱ्यांनी हे आठवावे की सावित्रीबाईंनीही अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले होते. तळमळ पुरे, कौशल्य नको, हा पवित्रा आळशी आहे.

अलीकडच्या काळात पानी फाउंडेशनने एक वेगळी वाट दाखवली. २०१६ मध्ये वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत वॉटर कप स्पर्धा सुरू करताना त्यांनी एकट्या नायकाला न बोलावता एका गावातून अनेकांना एकत्र प्रशिक्षणाला बोलावले. परतल्यावर एकमेकांना आठवण करून देणारी चार माणसे गावात राहिली. स्पर्धेमुळे कामाला मोजमापाची घाई लागते हा आक्षेप मला मान्य आहे. पण शिकणारा एकटा नसावा हा धडा त्यांनी बरोबर घेतला.

आता दुसरा प्रश्न, जो मी वाचकाला लक्षात ठेवायला सांगितला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. ३९ गावांत हा प्रयोग आणि ४७ गावे तुलनेला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने तो निबंध छापला, आणि २०११ पासून आशा कार्यकर्तींमार्फत ही पद्धत देशभर गेली. सामाजिक नवोपक्रमाचे याहून मोठे यश कोणते दाखवावे? कोणत्याही पुस्तिकेत ते शेवटच्या प्रकरणात, 'व्याप्ती' या मथळ्याखाली येते.

त्या व्याप्तीचे गावातले रूप असे: बाळ जन्मल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई घरी जाते, वजन घेते, ताप पाहते, तक्ता भरते आणि सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की तिला २५० रुपये मिळतात. बाळ जगावे म्हणून सर्वांत जास्त पायपीट जी करते तिला शिकवले जाते ते तक्ता भरणे. मावळात आषाढ-श्रावणात वाडीवर जायचे तर ओढा कधी ओलांडता येतो, माहेरी गेलेल्या बाळंतिणीची चौथी भेट कोणत्या गावाच्या आशेने करायची, मोजलेले वजन सासूपुढे मोठ्याने सांगायचे की नाही, अशी कितीतरी हिकमत ती रोज करते. जामखेडला हीच हिकमत दर आठवड्याला वर्तुळात मांडली जात होती आणि तिच्यातून पुढचा धडा तयार होत होता. व्याप्ती वाढली तसे वर्तुळ गेले, तक्ता उरला. राज्यातील आशांनी २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये संप केला, त्याच्या बातम्या मानधनाच्या आकड्याभोवती फिरल्या. आकडा महत्त्वाचाच. पण त्यांच्या हातात जे ज्ञान साठले आहे ते कोणी मागितलेले नाही, हीही एक थकबाकी आहे.

नवलाख उंबऱ्याच्या त्या शिबिरात अठ्ठावीस जण होते. संस्थांचे समन्वयक, दोन अभियंते, एक नाट्यकर्मी, नुकत्या पदवी घेतलेल्या काही मुली. एक तरी आशा, अंगणवाडी सेविका किंवा बचतगटाची हिशेबनीस त्यांत नव्हती. तिघींची नावे मात्र भिंतीवरच्या नकाशात होती, 'अंमलबजावणी' या चौकटीत. कल्पना सुचणाऱ्यांची एक जात आणि ती राबवणाऱ्यांची दुसरी, अशी ही नवी उतरंड आहे. ती जन्माने ठरत नसली तरी इंग्रजी, लॅपटॉप आणि तीन दिवस मोकळे असणे यांनी बऱ्यापैकी ठरते.

पुस्तिकेच्या मराठी आवृत्तीसोबत मी संयोजकांना दोन पानी टिपण दिले. शिबिर तीन सलग दिवसांऐवजी वर्षभर, महिन्यातून एक दिवस ठेवावे. एका गावातून निदान तिघे यावेत, त्यांत एक अशी बाई असावी जिच्याकडे एखादा तक्ता भरायचे काम आहे. आणि शेवटचे सादरीकरण पुण्यातील परीक्षकांऐवजी त्या गावच्या पारावर व्हावे. त्यांनी ते सौजन्याने वाचले. महिन्यातून एक दिवस ही सूचना त्यांना पटली, पण देणगीदाराचे वर्ष मार्चला संपते ही अडचण खरी होती. पारावरच्या सादरीकरणाला त्यांनी होकार दिला आहे. प्रवेशअर्ज मात्र जुनाच आहे. त्यातला चौथा रकाना 'तुमच्या उपक्रमाचे नाव' असा असून तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.